इंटरनेटचा हक्क म्हणजे फुकट इंटरनेट नव्हे

१ जुलै २०१० पासून फिनलंडमध्ये घरचे इंटरनेट हा कायदेशीर हक्क झाला. ‘म्हणजे तिथे ते फुकट मिळते’ असा त्याचा अर्थ अनेकदा लावला जातो. तसे नाही. कायद्याने इंटरनेटचा समावेश सार्वत्रिक सेवेत (रास्त दरात सर्वांना मिळालीच पाहिजे अशी सेवा) केला. त्यामुळे नेमून दिलेल्या कंपनीला कायम वस्तीच्या घरासाठी सेकंदाला किमान १ मेगाबिट (माहितीच्या प्रमाणाचे माप) वेगाची जोडणी नाकारता येत नव्हती. बिल मात्र ग्राहकच भरतो. आडगावी जाणाऱ्या एसटीसारखेच हे: प्रवासी थोडे असले तरी गाडी येते, तिकीट काढावे लागते.

तेव्हा इंटरनेट गरज की चैन, हे पैसे कोण भरतो यावरून ठरत नाही. सेवा नसल्याने घराचे काय अडते, ते पाहावे. आपल्याकडे शिष्यवृत्तीचे अर्ज आणि अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होतात. अशा वेळी जोडणी नसलेल्या घरातल्या मुलाला दुसऱ्याच्या दारात ताटकळावे लागते, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे. चित्रपट पाहण्यासाठी घेतलेला जादा वेग चैनीत मोडेल. १ मेगाबिट नाही.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये इंटरनेटवरील अभिव्यक्तीला घटनेचे संरक्षण असल्याचे सांगितले. घरोघरी जोडणी देण्याचे बंधन त्या निकालात नाही.