बीरिंग-सोरेन्सेन चाचणी

बीरिंग-सोरेन्सेन चाचणी ही पाठीच्या स्नायूंची सहनशक्ती मोजण्याची पद्धत आहे. सहनशक्ती म्हणजे एकदाच मोठा जोर लावण्याची ताकद नव्हे, तर बेताचा जोर दीर्घकाळ टिकवून धरण्याची क्षमता होय. डॅनिश वैद्यक फिन बीरिंग-सोरेन्सेन यांच्या १९८४ सालच्या शोधनिबंधामुळे ही चाचणी प्रसिद्ध झाली.

पद्धत

व्यक्तीला टेबलावर पालथे झोपवून कमरेखालचे शरीर पट्ट्यांनी बांधतात. कमरेच्या हाडाची वरची कड टेबलाच्या कडेशी येते. हात छातीवर दुमडून धड आडव्या रेषेत अधांतरी धरायचे असते. धड खाली झुकेपर्यंतचा वेळ सेकंदांत मोजतात. मूळ चाचणीत २४० सेकंदांची मर्यादा होती. कण्यालगतच्या स्नायूंबरोबर नितंबांचे व मांडीमागील स्नायूही यात भार उचलतात.

निष्कर्ष

मूळ अभ्यासात ३० ते ६० वर्षे वयाच्या ९२८ स्त्री-पुरुषांची तपासणी करून वर्षभरानंतर पुन्हा विचारणा करण्यात आली. सहनशक्ती चांगली असलेल्या पुरुषांमध्ये कंबरदुखी प्रथमच उद्भवण्याचे प्रमाण कमी आढळले. हा निष्कर्ष पुरुषांपुरताच होता.

अंगस्थितीशी संबंध

उभे राहताना, बसताना किंवा वाकून काम करताना हे स्नायू मंद गतीने पण सतत राबत असतात. ते थकले की कण्याच्या हालचालीवरील नियंत्रण कमी होते. तथापि, सर्वांना लागू पडेल अशी एकच ‘योग्य’ बैठक सिद्ध झालेली नाही. एकाच स्थितीत फार वेळ न राहणे हे अधिक महत्त्वाचे मानले जाते.

मर्यादा

स्नायूंची दुर्बलता हे कंबरदुखीचे कारण असू शकते, तसाच परिणामही. दुखण्याच्या भीतीने हालचाल टाळल्यास स्नायू आणखी दुबळे होतात. चाचणीतील वेळ मनोबलावरही अवलंबून असतो. म्हणून केवळ तिच्यावरून निदान करता येत नाही.

बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या कंबरदुखीस दीर्घकालीन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या मार्गदर्शक सूचनांत अशा रुग्णांसाठी व्यायामाची शिफारस आहे, कमरपट्ट्याची नाही. धडाच्या स्नायूंचे विशेष व्यायाम उपयुक्त ठरतात, मात्र इतर व्यायामांपेक्षा ते निश्चितपणे सरस असल्याचे दिसलेले नाही. पायांत वाढता अशक्तपणा, जांघेत बधिरता किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे असल्यास व्यायाम न करता तातडीने वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.