शेवटच्या रांगेत कोण बसणार?

भातकुलीहून शेगावला दर्शनासाठी सात-आसनी गाडी निघते तेव्हा जागा कशा ठरतात, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. पुढे घरातला कर्ता माणूस, मधल्या सीटवर बाया आणि म्हातारी माणसे, राहिले ते मागे. ‘‘पोट्टे मांगं बसतीन, त्याईले काय होते!’’ एवढ्यावर चर्चा संपते. गाडी घेताना मात्र पाच-आसनी सोडून सात-आसनी घेण्याचे एकमेव कारण त्या मागच्या जागाच असतात. त्यांच्यावर बसणाऱ्याचे नेमके काय होते, ते गाडीच्या खालून सुरुवात करून पाहू.

मोटारीत सगळ्यांत कमी हादरे बसतात ते पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध. ड्रायव्हरची सीट साधारण तिथेच असते. दुसरी रांग मागच्या चाकांच्या थोडी पुढे असते आणि तिसरी थेट चाकांच्या वर, काही गाड्यांत तर किंचित मागेच. मागचे चाक गतिरोधकावर चढले की तिसऱ्या रांगेतला माणूस चाकाबरोबरच उचलला जातो. सीट चाकाच्या मागे असेल, तर चाकापेक्षाही थोडा जास्त. पुढची माणसे गप्पा मारत असतात आणि मागच्याचे डोके छताला लागते, यात ड्रायव्हरचा दोष दरवेळी नसतो.

त्यात स्प्रिंगची अडचण. मागच्या स्प्रिंगा किंवा पाटे सात माणसांचे आणि सामानाचे वजन पेलतील असे बसवलेले असतात. गाडीत तिघेच असले की ते दबत नाहीत, त्यामुळे प्रत्येक दणका तसाच वर येतो. गाडी ठासून भरली की उलटे होते. स्प्रिंगा आधीच दबलेल्या असतात, मोठ्या खड्ड्यात त्या शेवटच्या रबरी बफरवर आदळतात आणि तो धक्का सरळ माकडहाडात जातो. शॉकॲब्सॉर्बर म्हातारे झाले असतील तर एका गचक्यानंतर गाडी दोन-तीनदा डुलत राहते.

आपल्या भागात याला मातीचीही साथ आहे. भातकुली, दर्यापूर हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, आणि जमीन काळी, चिकण. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी थर तिच्याबरोबर खालीवर होतो. म्हणून इथल्या गावरस्त्यांवर खड्डे बुजवलेले असले तरी लाटा राहतात. पुढचे चाक लाटेवर चढत असताना मागचे उतरत असते आणि गाडी सी-सॉसारखी झुलते. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज विक्रम झाला. त्या रस्त्यावर तिसरी रांग बरीच सुसह्य वाटते. पौषात ऋणमोचनच्या यात्रेला तीच गाडी आतल्या रस्त्याने न्या, म्हणजे फरक पाठीला कळेल.

या झुलण्यातूनच ‘गाडी लागते’. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव हालचाल टिपत असतो, पण मागच्या छोट्या खिडकीतून आणि समोरच्या सीटच्या पाठीमुळे डोळ्यांना ती दिसत नाही. दोन्ही निरोप जुळले नाहीत की मळमळ सुरू होते. जोरदार हिसक्यांपेक्षा साधारण पाच सेकंदांत एकदा येणारी संथ डूल यात जास्त त्रास देते. चिखलदऱ्याच्या घाटात वळणावळणाला तीच डूल आडवी येते. अशा वेळी पोरांच्या हातातला मोबाइल आधी काढून घ्यावा. औषधाची गोळी त्यानंतरची गोष्ट.

आता गुडघे. एसयूव्हीच्या मागच्या भागात फरशीखाली ॲक्सल असते, काहींत चासीचे जाड बार असतात, आणि बऱ्याचदा स्टेपनीही तिथेच टांगलेली असते. त्यामुळे मागची फरशी उंच होते. छत मात्र वर नेता येत नाही. मग सीटची गादी फरशीलगत ठेवतात. बसणाऱ्याचे गुडघे कमरेच्या वर येतात, मांड्यांना आधार राहत नाही आणि सगळे वजन बुडावर येते. अर्ध्या तासात पाय बधिर होतात. म्हणूनच दिसायला तेवढ्या रांगड्या नसलेल्या एर्टिगा, कॅरेन्स किंवा इनोव्हाची शेवटची रांग अनेक दणकट एसयूव्हींपेक्षा बरी. गावात भाव एसयूव्हीला आहे, हे मान्य. पण तो भाव बाहेरून बघणाऱ्याचा.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा आणखी एक गोष्ट तपासावी लागते. मागच्या एसीच्या जाळ्या सगळीकडे सारख्या नसतात. काही गाड्यांत मागे वेगळी थंड करणारी कॉइल असते, काहींत नुसता पंखा पुढची हवा मागे ढकलतो. डिक्कीची तापलेली काच डोक्याच्या अगदी मागे आणि बाजूच्या काचा न उघडणाऱ्या. निघण्यापूर्वी दारे उघडून गरम हवा जाऊ द्यावी आणि पुढच्या जाळ्यांची तोंडे छताकडे वळवावीत, म्हणजे थंडावा मागेपर्यंत पोचतो.

त्रास एकवेळ सहन करता येईल, सुरक्षेचे तसे नाही. ‘पाच स्टारची गाडी आहे’ हे वाक्य हल्ली शोरूममध्ये हमखास ऐकू येते. गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणारी भारत एनकॅप ही धडक-चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आणि पहिले पाच तारे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टाटा सफारी-हॅरियरला मिळाले. या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरच्या अडथळ्यावर आदळवतात, शिवाय बाजूने धडक देतात. मोठ्या माणसांचे पुतळे पुढे बसवलेले असतात, लहान मुलांचे मधल्या सीटवर. तिसऱ्या रांगेत कुणी मोठा बसवलेला नसतो आणि मागून धडक मारूनही पाहत नाहीत. तारे खोटे नाहीत. ते शेवटच्या रांगेविषयी फारसे बोलत नाहीत, इतकेच.

आणि मागून येणारी धडक हीच त्या रांगेची खरी भीती. पुढे बोनेटच्या लांबीत पत्रा चेपून जोर जिरवतो. मागे शेवटच्या सीटची पाठ आणि डिक्कीचे दार यांत काही गाड्यांत वीतभर जागा उरते. म्हणून मागचा हेडरेस्ट वर ओढून त्याचा माथा कानाच्या वरच्या टोकापर्यंत आलाच पाहिजे. तो खाली दडपलेला असेल, तर धडकेत मान त्याच्यावरून मागे जाते. बाजूचा पडदा-एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत येतो का, हेही विक्रेत्याला विचारा. सगळ्या मॉडेलांत तो येत नाही.

बेल्टचे तर बोलायलाच नको. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर महिनाभर सगळे मागचा बेल्ट शोधत होते. बेल्टचा नियम समोर तोंड करून असलेल्या मागच्या सीटला लागू आहे, न लावल्यास हजार रुपये दंड. जुनी सुमो, काही स्कॉर्पिओ आणि बोलेरो यांत मागे समोरासमोरची बाके असतात, ती या नियमाबाहेर राहिली. काळी-पिवळीत आपण त्याच बाकांवर वाढलो, म्हणून ती घरची वाटतात. पण ब्रेक लागला की आडवा बसलेला माणूस कुशीवर फेकला जातो, त्याला ना पाठ धरते ना बेल्ट. अशा बाकावर लहान मूल बसवू नये. छोट्याची चाइल्ड सीट मधल्या रांगेत लावावी.

सातही सीट भरल्या की डिक्की नावापुरती उरते. मग पिशव्या मांडीवर नाहीतर कॅरिअरवर जातात. हिशेब साधा आहे. ताशी ५० च्या वेगातली गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोची सुटी पिशवी सुमारे १४० किलोच्या जोराने पुढे येते. टपावर जड सामान चढवले की गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर उलटण्याची शक्यता वाढते. जड ते खाली, सीटच्या पाठीला टेकवून. टपावर फक्त गाद्या-चादरी.

सरासरी ६५ किलोची सात माणसे म्हणजे ४५५ किलो होतात. माहितीपुस्तकातले भरल्या गाडीचे कमाल वजन घ्या, त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करा. उरेल त्यात माणसे आणि सामान दोन्ही बसले पाहिजे. भरल्या गाडीसाठी टायरच्या हवेचा आकडाही वेगळा असतो, तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पाहा. मागची बाजू दबली की हेडलाइट वर जातात आणि समोरच्याचे डोळे दिपतात. ते खाली करायची चकती बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला असते, तिला वर्षानुवर्षे कुणी हात लावत नाही.

गाडी घ्यायला जाल तेव्हा मधली सीट त्यावर बसणाऱ्याच्या सोयीने लावा आणि मगच मागे बसा. पंधरा मिनिटे बसा, मोबाइल न बघता. मग मधली सीट कुणाच्या मदतीशिवाय दुमडून बाहेर या. आजीला हे जमेल का, ते तिलाच करून पाहू द्या. बहुतेक गाड्यांत मागचा दरवाजा आतून उघडत नाही, त्यामुळे अपघातात मधली सीट दुमडून बाहेर येणे हाच एक रस्ता असतो.

माझ्या मते भातकुली-अमरावती एवढ्या अंतरासाठी शेवटची रांग कुणालाही चालेल. लांबच्या प्रवासात तिथे बुटका, तरणा, बेल्ट लावलेला माणूस बसावा आणि तासाभराने जागा बदलावी. पाठीचे दुखणे असलेल्याला, गरोदर बाईला तिथे बसवूच नका. आणि सातव्याला बेल्ट पुरत नसेल, तर त्याला रेल्वेने पाठवा: बडनेऱ्याहून शेगावला थेट गाड्या आहेत.