वालचंदांच्या नगरीत उद्योजकतेचे शिक्षण
१८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी महाविद्यालयीन शिक्षण मध्येच सोडून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेबांधणीचे मक्ते घेतले, आणि मुदत, मजुरी व भांडवल यांचा मेळ त्या कामावरच आत्मसात करून पुढे १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनीच्या व १९४० मध्ये बंगळूरच्या विमान कारखान्याच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सोलापुरात १९८३ पासून आहे, तर शहराचे विद्यापीठ २००४ पासून. तथापि सुताची खरेदी, रंगाईचा खर्च, उधारीची वसुली आणि मागणीचा अदमास हे विषय, भौगोलिक मानांकन लाभलेल्या सोलापुरी चादरीच्या एखाद्या कारखान्यात विद्यार्थ्याने हंगामभर प्रत्यक्ष जमाखर्च सांभाळल्यावाचून, केवळ पाठ्यपुस्तकातून पुरतेपणी अवगत होतील असे मला वाटत नाही.