रात्रीचं बीपी

दवाखान्यात दंडाला पट्टा बांधला जातो, हवा भरली जाते, सुटते, आणि डॉक्टर सांगतात, "एकशे चाळीस, ऐंशी." सत्तरीतल्या माणसाच्या गोळ्या, मीठ आणि घरातल्यांची काळजी, सगळं या आकड्यावर ठरतं. पण तो आकडा असतो दिवसाढवळ्या, खुर्चीत बसून घेतलेला. रात्री आपण सहा-सात तास आडवे असतो, तेव्हा रक्तदाब कुठे जातो हे किती जणांना ठाऊक आहे? औषधाच्या दुकानात माझं आयुष्य गेलं. बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि झोपेच्या गोळीची मागणी एकाच माणसाकडून इतक्यांदा आली, की या दोन तक्रारींचं एकमेकींशी काय नातं आहे हे शोधायचा मला नादच लागला.

इतिहास थोडक्यात उरकते. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने १७३३ साली घोडीच्या धमनीत नळी घालून रक्त किती उंच चढतं ते मोजल्याचं प्रसिद्ध केलं. १८९६ मध्ये इटलीत रिवा-रोच्चीने दंडाचा पट्टा आणला, १९०५ मध्ये रशियात कोरोत्कॉफने त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली. झोपेत दाब उतरतो हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माहीत झालं होतं. पण माणूस झोपलेला असताना, त्याला न उठवता, रात्रभर मोजायचं कसं? ते जमायला बरीच दशकं गेली. पुढे कमरेला डबी आणि दंडाला पट्टा असं चोवीस तासांचं यंत्र आलं. १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी माणसांचे दोन गट मांडले, 'डिपर' आणि 'नॉन-डिपर'. रात्री ज्यांचा दाब दिवसापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो ते डिपर, ज्यांचा तेवढा उतरत नाही ते नॉन-डिपर. काहींचा तर रात्री चढतो.

उतरतो का, ते सोपं आहे. गाढ झोपेत शरीराला सावध ठेवणाऱ्या, म्हणजे सिम्पथेटिक, नसांचं काम मंदावतं, रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाला उसंत मिळते. स्वप्नांच्या झोपेत त्याच नसा पुन्हा जाग्या होतात आणि दाब वरखाली होतो. अडचण अशी, की वय वाढतं तशी गाढ झोपच कमी होत जाते. "आठ तास पडून असतो, पण झोप लागल्यासारखी वाटत नाही," हे वाक्य मी गल्ल्यावर बसून किती वेळा ऐकलं असेल! अमेरिकेत पासष्टीपुढच्या, बीपी नसलेल्या ७८४ पुरुषांची झोप घरी यंत्र लावून तपासली आणि पुढे सुमारे साडेतीन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांची गाढ झोप सर्वांत कमी होती, त्यांना बीपी जडण्याची शक्यता सर्वांत जास्त गाढ झोप असणाऱ्यांपेक्षा सुमारे ऐंशी टक्क्यांनी जास्त निघाली. २०११ चा हा अभ्यास आहे. झोपेचे तास किती, यापेक्षा ती किती खोल, हा प्रश्न मला तेव्हापासून मोठा वाटतो.

आता माझ्या आवडत्या गावाकडे येते. उत्तर जपानात इवाते प्रांतात ओहासामा नावाचं गाव आहे. डोंगरउतार, भातशेती, द्राक्षमळे. २००६ पासून ते हानामाकी शहरात सामील झालं आहे. १९८६-८७ च्या सुमारास सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातल्या युताका इमाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गावात रक्तदाबाचा अभ्यास सुरू केला आणि घरोघर बीपीची यंत्रं दिली. लोकांनी सकाळी उठल्यावर तासाभरात दाब मोजायचा आणि वहीत लिहायचा. त्या काळी घरी बीपी मोजणं म्हणजे डॉक्टरांच्या कामात नाक खुपसणं, असंच जगभर मानलं जात होतं. आज घरच्या मोजणीत १३५/८५ च्या वर गेलं की बीपी जास्त म्हणतात, त्या मर्यादेमागे या शेतकऱ्यांच्या वह्यांचा मोठा हात आहे.

पण मी भुलले ती रात्रीच्या कामावर. गावातल्या चाळिशीपुढच्या १५४२ जणांना चोवीस तासांचं यंत्र बांधलं, दर अर्ध्या तासाला नोंद घेतली आणि सरासरी नऊ वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा केला. २००२ साली निष्कर्ष आला: रात्रीची उतरण पाच टक्क्यांनी कमी झाली, की हृदयविकार आणि पक्षाघात यांसारख्या कारणांनी मृत्यूचा धोका सुमारे वीस टक्क्यांनी वाढतो. ज्यांचा चोवीस तासांचा दाब एरवी ठीक होता, त्यांच्यातही हा धोका दिसला. म्हणजे दवाखान्यात "अगदी नॉर्मल!" ऐकून आनंदाने घरी परतणाऱ्या माणसाचाही रात्रीचा हिशेब चुकलेला असू शकतो.

भाचा सेंदाईला नोकरीला असल्यामुळे मला ते गाव पाहायला मिळालं. शिन-हानामाकीला बुलेट ट्रेनमधून उतरून पुढे गाडीने गेलो. पाहण्यासारखं काय, तर वाइनचा कारखाना, नदी आणि दूरवर १९१७ मीटर उंचीचा हायाचिने डोंगर. या डोंगराच्या देवासाठी इथले लोक मुखवटे घालून, ढोल, झांज आणि बासरीच्या साथीने 'कागुरा' नाचतात. देवांच्या कथा, रात्रीचा जागर, गावातलीच माणसं सोंग घेणार. मला आपल्या कोकणातला दशावतार आठवला. २००९ मध्ये युनेस्कोने या कागुराला वारशाच्या यादीत घेतलं. रक्तदाबाशी याचा काही संबंध नाही, पण ज्या गावाने जगाला रात्रीचं बीपी शिकवलं, ते गाव रात्री जागून नाचतं हे मला भारी आवडलं.

संबंध आहे तो न्याहारीचा. मुक्कामी सकाळी समोर आलं मिसोचं सूप, खारवलेला मासा, मुळ्याचं लोणचं, खारवलेलं आंबट उमेबोशी आणि भात. सूपचा पहिला घोट घेतला आणि भाचा म्हणाला, "मावशी, मीठ जरा कमीच म्हणायचं हे." १९६० मध्ये लुईस डाल या अमेरिकन डॉक्टरने जगातल्या निरनिराळ्या भागांचं मीठ आणि बीपी एका आलेखावर मांडलं, तेव्हा सर्वांत वरच्या टोकाला उत्तर जपान होता, दिवसाला माणशी सुमारे २७ ग्रॅम मीठ! जागतिक आरोग्य संघटना पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. आपण पापड, लोणचं, सांडगे आणि वर फरसाण खाऊन जपान्यांना नावं ठेवू नयेत.

मीठ झोपेत कसं शिरतं ते ऐका. वय झालेल्या मूत्रपिंडांना दिवसभरात सगळं मीठ बाहेर टाकणं जमत नाही. राहिलेलं काम रात्री करायचं तर दाब चढा लागतो. म्हणून दाब उतरत नाही, मीठ पाण्यासकट बाहेर पडतं आणि माणूस रात्री तीनदा लघवीला उठतो. तीनदा उठणाऱ्याला गाढ झोप कुठली? जपानातच नागासाकीला जास्त मीठ खाणाऱ्या, झोपमोड होणाऱ्या लोकांना मीठ कमी करायला लावलं. ज्यांनी ते दिवसाला १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणलं, त्यांचं रात्रीचं उठणं सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर आलं. प्रोस्टेटच्या नावावर किती जण हे खपवतात! प्रोस्टेट असेलही, पण ताटाकडेही बघा.

दुसरा चोर म्हणजे घोरणं. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या एक काकू म्हणाल्या, "हे घोरतात त्याचं काही नाही हो, मध्येच गप्प होतात तेव्हा माझा जीव वरखाली होतो." ते गप्प होणं म्हणजे श्वासाची वाट बंद होणं. प्राणवायू घटतो, मेंदू दचकून उठवतो, सिम्पथेटिक नसा एकदम खवळतात आणि दाब उसळतो. रात्रीत असं शेकडो वेळा होऊ शकतं, सकाळी माणसाला त्यातलं काही आठवत नाही. मुंबईत हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी २००४ साली ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात जवळजवळ पाचातल्या एकाला झोपेत श्वासाचा बिघाड होता. उपाय म्हणजे नाकावरून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र. ते सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे आणलं. बीपी त्याने थोडंच उतरतं, पण तीन-तीन औषधांनाही दाद न देणाऱ्या बीपीत रात्रीची उतरण परत यायला मदत होते, असं स्पेनमधल्या २०१३ च्या चाचणीत दिसलं.

चोवीस तासांचं यंत्र मीही बांधून घेतलं आहे. रात्री दर अर्ध्या तासाने मोटर घुर्रर्र करते, पट्टा दंड आवळतो, नळी उशीखाली अडकते. झोप मोडते, हा आक्षेप खराच आहे. तरी दुसऱ्या दिवशी आलेखावर झोपेची करडी पट्टी आणि तिच्यात खाली गेलेली रेघ बघितली, तेव्हा पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

गोळी रात्री घ्यावी का, हा प्रश्न दर आठवड्याला कुणीतरी विचारायचंच. रात्री घेतल्याने मोठा फायदा होतो असं स्पेनमधल्या एका अभ्यासाने २०१९ मध्ये सांगितलं, आणि त्यावर खूप वादंग झाला. मग ब्रिटनच्या 'टाइम' चाचणीत २१,१०४ जणांना सहभागी केलं. २०२२ चा निकाल: सकाळी घ्या की रात्री, हृदयविकार आणि पक्षाघाताच्या बाबतीत फरक नाही. माझ्या मते जी वेळ लक्षात राहते ती वेळ बरी. फक्त लघवीची गोळी कुणाच्या तरी सांगण्यावरून रात्रीवर ढकलू नका, अंधारात बाथरूमकडे जाताना मोडलेली खुब्याची हाडं मी पुष्कळ पाहिली आहेत. झोपेच्या गोळीचंही तेच. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मागणारे "तुम्ही ओळखीच्या म्हणून" असं म्हणायचे. ओळखीची म्हणूनच मी देत नसे.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. सकाळी उठल्यावर तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी, पाठ टेकून दोन मिनिटं शांत बसून बीपी मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि तुमचं घोरणं ऐकणारं माणूस, दोन्ही सोबत न्या. सकाळचे आकडे सतत १३५/८५ च्या वर असतील, किंवा रात्री दोनदा-तीनदा उठावं लागत असेल, तर चोवीस तासांच्या तपासणीबद्दल तुम्ही होऊन विचारा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने वाढवू नका आणि सोडूही नका.