साम्यानुमान : पाणी, वीज आणि पाऊस

परिचित गोष्टीतला संबंध अपरिचित गोष्टीत लावून पाहणे म्हणजे साम्यानुमान. जिंतूर तालुक्यात येलदरी येथे पूर्णा नदीवर १९६८ साली पूर्ण झालेल्या धरणाच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅट क्षमतेचे वीजगृह आहे. जलाशयाची पातळी आणि खालच्या पात्राची पातळी यांत जितका फरक, तितका जनित्राकडे येणाऱ्या पाण्याला जोर. शाळेत वीज शिकवताना हेच चित्र उपयोगी पडते. पातळीतला फरक म्हणजे विभवांतर, वाहते पाणी म्हणजे विद्युतधारा, अरुंद नळाचा अडथळा म्हणजे रोध. विभवांतर वाढले की धारा वाढते, रोध वाढला की घटते, हे विद्यार्थ्याला चटकन उमगते. मात्र नळ फुटला की पाणी बाहेर सांडते. तार तुटली की धाराच थांबते. तिथे हे साम्य संपते.

न्यायदर्शनाने ‘उपमान’ हे प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द यांच्या बरोबरीचे प्रमाण मानले. ‘गवय गाईसारखा असतो’ असे ऐकलेला माणूस रानात तसा प्राणी पाहतो आणि हाच गवय, हे ओळखतो.

महानुभाव पंथाने या पद्धतीला नेमका आकार दिला. केसोबासांनी संकलित केलेल्या ‘दृष्टांतपाठा’त चक्रधरस्वामींचे सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी त्याचा अर्थ लावणारे दार्ष्टांतिक, असा क्रम आहे. त्यातल्या एका दृष्टांतात हत्ती चाचपणारे आंधळे हाती लागलेल्या अवयवावरूनच हत्तीचे वर्णन करतात. दृष्टांतातले काय घ्यायचे, हे दार्ष्टांतिक ठरवून देते, त्यामुळे श्रोता भरकटत नाही.

श्रद्धेत हे बंधन सैल होते. पावसाने ओढ दिली की मराठवाड्यात गावोगाव धोंडी काढतात. कडुलिंबाचा पाला नेसलेल्या मुलावर घरोघरी पाणी ओततात. जसे इथे पाणी पडते, तसे आभाळातून पडावे, ही त्यामागची भावना. जेम्स फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाउ’ (१८९०) या ग्रंथात अशा अनुकरणात्मक विधींची जगभरची उदाहरणे मांडली. धोंडीतून गावाची आर्तता आणि एकोपा व्यक्त होतो. पण ओतलेले पाणी ढग बनवत नाही. पाऊस वाऱ्यांवर आणि हवेतल्या बाष्पावर ठरतो.

म्हणून साम्य पुढे आले की दोन प्रश्न विचारावेत. ते नुसत्या रूपात आहे की कार्यकारणातही? आणि ते कुठे तुटते? पाणी आणि वीज यांच्यातले साम्य मोजमापाने तपासता येते, म्हणून ते शिकवण्यास योग्य ठरते. साम्य कल्पना सुचवते, समजूत सोपी करते. सिद्धता मात्र स्वतंत्र पुराव्यानेच होते.