बारशाच्या मनगट्या

आजीच्या पितळी डब्यात कापसात गुंडाळलेली मनगट्यांची एक जोडी होती. आधी ती बाबांच्या हातात बांधली गेली, मग माझ्या, मग माझ्या धाकट्या भावाच्या. आता भावाला मुलगी झाली. बारसं ठरलं, आत्या म्हणून मी डबा उघडला, तर दोरा कुजलेला. हात लावताच मणी कापसावर ओघळले.

रुमालात बांधून मी ते पटवेकऱ्याकडे नेले. सराफांच्या गल्लीत एका जिन्याखाली तो बसतो. रेशमाचा दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवायचा, मेणावरून ओढायचा, पीळ द्यायचा आणि एकेक मणी गाठवत जायचं, हे त्याचं काम. त्याने मणी ताटलीत ओतले, बोटाने वेगवेगळे केले आणि विचारलं, "ताई, रेशीम घालू का नायलॉन?" म्हटलं, टिकेल ते घाला. "टिकायला नायलॉनच. पण बाळाच्या हाताला काचेल." मग रेशीम ठरलं.

ताटलीत चार प्रकारचे मणी होते. बारीक काळे, काचेचे. सोन्याचे चार, बाजरीच्या दाण्याएवढे. लाल पोवळी दोन. आणि दोन काळे मणी, इतरांपेक्षा मोठे, अंगावर पांढरट ठिपके असलेले. त्यांना बजरबट्टू म्हणतात. तो गाठवत होता तोवर मी तिथेच बसून राहिले आणि त्या ताटलीकडे बघता बघता थक्क होत गेले. माझ्या भाचीच्या मनगटाचा घेर जेमतेम दहा सेंटिमीटर. तेवढ्या घेरात काय काय येऊन बसलंय!

काळ्या मण्यापासूनच सुरुवात करू, कारण तो सगळ्यांच्या ओळखीचा. दृष्ट लागते या समजुतीतली विलक्षण गोष्ट अशी, की तिथे भीती शत्रूच्या नजरेइतकीच कौतुकाच्या नजरेचीही असते. "आईचीच नजर लागते" असं आपल्याकडे सहज म्हणतात. बाळ गुटगुटीत आहे, हसरं आहे, डोळे त्याच्यावरून हलत नाहीत, म्हणजे धोका. मग त्या नजरेला दुसरीकडे कुठेतरी थबकायला जागा द्यायची. गोऱ्या-सावळ्या मनगटावर काळा मणी, गालावर काजळाची तीट. देखणेपणात मुद्दाम ठेवलेली ती एक खोट. हेच गालबोट. आज आपण म्हणतो, "एवढ्या छान समारंभाला गालबोट लागलं," म्हणजे काहीतरी बिघडलं. बाळाला वाचवण्यासाठी लावलेला ठिपका भाषेत मात्र बिघाडाचं नाव होऊन बसला. उलटा प्रवास वाटतो खरा, पण नीट पाहिलं तर त्यात मूळ अर्थ शाबूत आहे. थोडंसं बिघडलेलं आपणच आधी करून ठेवायचं, म्हणजे मोठं काही बिघडायचं राहतं.

'नजर' हा शब्द अरबी. आपल्याकडे तो फारसीतून आला, आणि तिकडे तुर्कस्तानातही पोचला. तिथे निळ्या काचेवर पांढरा आणि काळा डोळा काढलेला मणी असतो, त्याच्या नावातही हाच शब्द आहे. बाळ बघायला जाताना तो छोटा मणी पिनेला लावून न्यायचा आणि बाळाच्या कपड्याला टोचायचा. आपण नजरेला काळ्या रंगाने थोपवतो, ते डोळ्यापुढे डोळाच धरतात. शब्द मात्र एकच.

आता पोवळं. आजीच्या मनगटीतलं पोवळं नेमकं कुठून आलं याची पावती डब्यात नव्हती. पण लाल पोवळ्याचं जुनं आणि नावाजलेलं माहेर म्हणजे भूमध्य समुद्र. समुद्रतळाच्या खडकांवर सूक्ष्म जीवांच्या वसाहती वाढतात, त्यांच्या लाल, कठीण सांगाड्याचं हे पोवळं. वाढ इतकी सावकाश की फांदीची जाडी वर्षाला मिलिमीटरभरसुद्धा वाढत नाही. म्हणजे चार-पाच मिलिमीटरचा मणी कोरायला निदान तितकी वर्षं जुनी फांदी हवी, बहुतेक वेळा त्याहून पुष्कळ जुनी.

पहिल्या शतकात रोममध्ये प्लिनी नावाचा विद्वान होता. जगातल्या यच्चयावत वस्तूंची माहिती लिहून काढायचा ध्यास त्याने घेतला होता. त्याने पोवळ्याबद्दल जे लिहून ठेवलंय ते वाचून मी खुर्चीत सरळ झाले होते. तो म्हणतो, आपल्याला भारतातल्या मोत्यांचं जितकं मोल वाटतं, तितकंच भारतातल्या लोकांना पोवळ्याचं वाटतं. तिथले भविष्यवेत्ते पोवळं अंगावर बाळगणं संकटं टाळणारं मानतात. आणि पुढे तो सांगतो, की पोवळ्याची फांदी तान्ह्या मुलाच्या अंगावर बांधली तर ती त्याचं रक्षण करते अशी समजूत आहे. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीची ही नोंद. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात प्लिनी गेला. त्याच ज्वालामुखीच्या पायथ्याशी, नेपल्सजवळच्या तोरे देल ग्रेको या गावात आजही पोवळी कोरणारे कारागीर आहेत.

त्याच पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. भडोच बंदरात काय काय उतरतं याच्या यादीत त्याने पोवळं घातलंय. आणि भडोचहून दक्षिणेला 20 दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला 10 दिवसांवर तगर, म्हणजे आजचं तेर, असा पत्ताही दिलाय. या गावांतून गाड्यांवर लादलेला माल अवघड वाटांनी बंदराकडे जायचा. त्या परतीच्या गाड्यांत लाल मण्यांची एखादी पुरचुंडी असेल, आणि गोदेकाठच्या एखाद्या सातवाहनकालीन बाळाच्या हातात ती पोचली असेल, अशी कल्पना करायला मला फार आवडतं.

पोवळ्याच्या जन्माची ग्रीक-रोमन कथा तर दृष्टीच्या विषयाला अगदी चपखल बसते. मेडुसा नावाच्या राक्षसीची नजर ज्याच्यावर पडेल त्याचा दगड होई. पर्सियसने तिचं शिर कापलं आणि समुद्रकाठी वनस्पतींच्या अंथरुणावर ठेवलं. त्या मऊ फांद्या तिच्या स्पर्शाने टणक झाल्या, आणि तेच पोवळं. सर्वांत भयंकर नजरेपासून घडलेली वस्तू बाळाला नजरेपासून राखायला बांधायची!

बजरबट्टूची गोष्ट झाडाची आहे. श्रीलंका, केरळ आणि खालच्या कोकणपट्टीत एक प्रचंड ताड वाढतो, त्याच्या पानाच्या छत्र्या करत, पोथ्या लिहीत. हा ताड तीस ते ऐंशी वर्षं नुसता वाढत राहतो. मग आयुष्यात एकदाच फुलतो, माथ्यावर फुलोऱ्याचा डोंगर उभा करतो, लाखो फुलं, हजारो फळं. फळं पिकली की झाड मरतं. त्या फळांतली कडक बी घासून, रंगवून, भोक पाडून जो मणी होतो तो बजरबट्टू. ही माहिती ज्या दिवशी कळली त्या दिवसापासून मला तो मणी नुसता दृष्टमणी वाटत नाही. आयुष्यभराची सगळी साठवण एकाच बहरात पुढच्या पिढीला देऊन टाकणाऱ्या झाडाची ती बी आहे. ती बाळाच्या हातात बांधायचं ज्यांना सुचलं, त्यांना झाडाचं हे वागणं माहीत असणारच, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या जोडीत वाघनख नव्हतं. पण बऱ्याच घरांत असायचं, सोन्यात मढवलेलं, गळ्यात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाची नखं बाळगणं आणि विकणं बंद केलं, ते योग्यच झालं. सराफाकडे आता त्या आकाराचं नुसतं सोन्याचं पदक मिळतं. आकार तेवढा उरला, आणि तो किती जुना आहे! सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरित' लिहिलं. त्यात सम्राट हर्षाचं बालपण आहे. दाईचं बोट धरून पाच-सहा पावलं टाकणाऱ्या छोट्या हर्षाच्या गळ्यात सोन्यात बसवलेल्या वाघनखांची माळ आहे, आणि डोक्यावर रक्षणासाठी मोहरी. मोहरी! आपण आजही मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढतो आणि चुलीत टाकतो, ती तडतडली की "केवढी लागली होती बघ" म्हणतो. ठाणेसरच्या राजवाड्यातली मोहरी आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यातली मोहरी एकाच कामाला लागलेली.

या सगळ्यांत समान असलेली एक गोष्ट तिथे बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आली. यातलं काहीही कोणी स्वतःसाठी विकत घेत नाही. ते दिलं जातं. बाळंतविड्यात अंगडं, टोपडं, कुंची, दुपटं यांच्याबरोबर येतं. आजोळहून येतं, मावशी-आत्या आणतात.

रोममध्येही असंच होतं. मुलाचं नाव नवव्या दिवशी ठेवत, मुलीचं आठव्या. आपल्या बारशाचाच भाऊ म्हणावा असा तो समारंभ. मुलाच्या गळ्यात तेव्हा 'बुल्ला' नावाची पोकळ डबी घालत, ऐपतीप्रमाणे सोन्याची नाहीतर चामड्याची, आत रक्षणाचं काहीतरी. मोठा झाला की तो ती काढून घरच्या देवांना वाहायचा. शिवाय बाळाला चिमुकल्या वस्तूंची माळ मिळायची. प्लॉटस नावाच्या नाटककाराच्या 'रुडेन्स' या नाटकात लहानपणी पळवून नेलेली मुलगी आहे. ती मोठी झाल्यावर एक पेटी सापडते, आणि तिने पेटीत न बघता आतल्या वस्तू सांगायच्या असतात. ती सांगते: सोन्याची इवलीशी तलवार, तिच्यावर वडिलांचं नाव; इवलीशी कुऱ्हाड, तिच्यावर आईचं नाव; चांदीचा विळा, गुंफलेले दोन हात, डुकराचं पिल्लू; आणि वाढदिवशी वडिलांनी दिलेला सोन्याचा बुल्ला. त्यावरून बाप मुलीला ओळखतो. बाळाला राखायला दिलेल्या वस्तूंनी बाळ खरोखरच परत आणलं, निदान रंगमंचावर तरी. आणि ती सोन्याची तलवार वाचताना मला तमिळ देशातली 'ऐंपडैत्ताली' आठवते. विष्णूची पाच आयुधं, शंख, चक्र, गदा, खड्ग आणि धनुष्य, नखाएवढ्या आकारात घडवून तान्ह्या मुलांच्या गळ्यात घालत. जुन्या तमिळ काव्यांत तिचे उल्लेख आहेत.

एवढ्याशा जिवाला शस्त्रं द्यावीशी का वाटली? कारण भीती खरी होती. शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात जन्मलेल्या दर पाच मुलांतलं जवळजवळ एक पहिला वाढदिवस पाहत नव्हतं. 2020 च्या शासकीय पाहणीत हे प्रमाण देशात हजारी 28 आणि महाराष्ट्रात 16 होतं. लस, स्वच्छ पाणी, सुरक्षित बाळंतपण यांनी हा फरक घडवला, मण्यांनी नाही. पण ज्या आजीने दोन मुलं गमावून तिसऱ्याच्या हातात काळा दोरा बांधला, तिच्याजवळ तेव्हा बांधण्यासारखं दुसरं काय होतं? आपल्या घराण्यांतले दगडू, धोंडू, केरू, भिकू आठवा. मुलं जगत नाहीत म्हणून पुढच्याला अशी नावं ठेवत, की मृत्यूला वाटावं, हे टाकाऊ आहे, घ्यायला नको. बारशाला मिळणारी सर्वांत पहिली भेट म्हणजे नाव, आणि कित्येकांच्या बाबतीत तेच गालबोट झालं.

पटवेकऱ्याने पहिली मनगटी पुरी केली आणि शेवटची गाठ दाताने आवळली. काळं रेशीम मेणाने चकाकत होतं. ते बघताना मला नेवासे आठवलं. 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवरेच्या काठी तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाण युगातल्या वस्तीत, घरांच्याच जमिनीखाली, मातीच्या रांजणांत पुरलेली लहान मुलं सापडली. त्यांतल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजाने दोऱ्याचा तुकडा टिकवून धरला होता. तपासणीत त्या दोऱ्यात कापूस आणि रेशीम आढळल्याची नोंद झाली. तीन हजार वर्षांहून जुना दोरा. कोणीतरी तो पिळला होता, कोणीतरी त्यात मणी गाठवले होते आणि कोणीतरी मूल गेल्यावरही माळ गळ्यातून काढली नव्हती.

ही नोंद मी यापूर्वीही वाचली होती. पण पटवेकऱ्याच्या अंगठ्याला ताणलेलं रेशीम समोर असताना ती आठवली, आणि काही वेळ मला बोलवेना.

त्याने विचारलं, "गळ्यात घालायचंय का काही?" मी नको म्हटलं. बालरोगतज्ज्ञांनी भावजयीला बजावलंय, तान्ह्या बाळाच्या गळ्यात दोरा नको, डोळ्यांत काजळ नको. मनगटीचीही गाठ पक्की हवी, सुटा मणी तोंडात जाता कामा नये. त्याने मान हलवली आणि प्रत्येक मण्यामागे जादा एक गाठ मारली. पैसे घेताना दोन्ही मनगट्या आधी स्वतःच्या कपाळाला लावल्या, मग माझ्या हातात दिल्या.

रविवारी बारसं झालं. पाळण्याखालून-वरून गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. मी बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं आणि दोन्ही हातांत मनगट्या बांधल्या. तिने मूठ तोंडाशी नेली, लाल मणी ओठांना लागला, आणि ती त्याच्याकडे डोळे वाकडे करून कितीतरी वेळ बघत राहिली.