पित्ताश्मरी व तिची चिकित्सा

पित्तातील घटक साकळून पित्ताशयात किंवा पित्तमार्गात बनणाऱ्या खड्यांना पित्ताश्मरी म्हणतात. आयुर्वेदात ‘अश्मरी’ ही संज्ञा मूत्रमार्गातील खड्यांसाठी योजिलेली आहे. बोलभाषेत दोन्ही विकारांना ‘खडे’ असेच म्हटले जात असल्यामुळे मुतखड्याप्रमाणे हा खडाही भरपूर पाणी पिऊन पाडता येतो, अशी समजूत आढळते. ती चुकीची आहे. पित्तमार्ग अरुंद असल्यामुळे खडा सरकणे हे सुटकेचे नव्हे, तर धोक्याचे कारण ठरते.

निर्मिती : यकृत दररोज सु. ५०० ते १,००० मिलि. पित्त स्रवते. त्याचा काही भाग ३० ते ५० मिलि. धारणक्षमतेच्या पित्ताशयात साठून दाट होतो व स्निग्ध आहारानंतर ग्रहणीत सोडला जातो. पित्तातील कोलेस्टेरॉल हे पित्तलवणांच्या साहाय्याने विरघळलेल्या स्थितीत असते. हे प्रमाण बिघडल्यास त्याचे स्फटिक बनतात व त्यांपासून खडे वाढतात. तांबड्या कोशिकांचा अतिरिक्त नाश होणाऱ्या रोगांत रंजकद्रव्याचे काळे खडे बनतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. गर्भारपण, लठ्ठपणा, मधुमेह व वजन झपाट्याने घटणे ही इतर अनुकूल कारणे होत.

लक्षणे व निदान : बहुसंख्य खडे कोणताही त्रास देत नाहीत व अन्य कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत योगायोगाने दिसतात. खडा पित्ताशयाच्या मुखाशी अडकल्यास उजव्या बरगडीखाली किंवा वरच्या पोटात तीव्र कळ येते. ती पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते व काही तासांत ओसरते. कळ सहा तासांहून अधिक टिकली व ताप आला, तर पित्ताशयशोथाची शंका घ्यावी. कावीळ, गडद लघवी व थंडी वाजून ताप ही खडा मुख्य पित्तनलिकेत उतरल्याची चिन्हे असू शकतात. नलिकेच्या तोंडाशी अडकलेल्या खड्यामुळे अग्निपिंडाचा गंभीर शोथही उद्भवतो. अशा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. आम्लपित्त समजून घरगुती औषधांवर दिवस काढणे घातक ठरते.

चिकित्सा : लक्षणरहित खड्यांपैकी दरवर्षी शंभरात सु. एक ते चार इतक्याच रुग्णांना त्रास सुरू होतो. म्हणून केवळ खडा दिसला एवढ्यावरून शस्त्रक्रिया सहसा करीत नाहीत. त्रास एकदा सुरू झाल्यावर मात्र तो पुन्हा होण्याचा संभव मोठा असतो व खड्यांसह पित्ताशय काढून टाकणे हीच प्रमुख चिकित्सा ठरते.

अर्सोडिऑक्सिकोलिक अम्लाने कोलेस्टेरॉलाचे लहान, चुनारहित खडे विरघळू शकतात. परंतु पित्ताशय कार्यक्षम असावे लागते, औषध सहा महिने ते दोन वर्षे घ्यावे लागते व ते थांबविल्यावर पाच वर्षांत सु. निम्म्या रुग्णांत खडे पुन्हा होतात. आघात तरंगांनी खडे फोडण्याची पद्धती १९८५ मध्ये म्यूनिक येथे सुरू झाली. तीही याच कारणामुळे मागे पडली. पित्ताशय जागेवर राहते तोवर खडे बनण्याचे कारणही राहते.

याच विचाराने कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये बर्लिन येथे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. दुर्बिणीद्वारे ती एरिक म्यूए यांनी १९८५ मध्ये जर्मनीत प्रथम केली. भारतात तेहेमतन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० मध्ये तिचा प्रारंभ केला. या पद्धतीत पोटात कार्बन डाय-ऑक्साइड वायू भरून तीन-चार लहान छिद्रांतून उपकरणे घालतात व पित्ताशयाची नलिका आणि रोहिणी नीट ओळखून, चिमटे लावून छेदतात. मुख्य पित्तनलिकेस इजा हा तिच्यातील सर्वांत गंभीर धोका होय. तो हजारी सु. तीन ते पाच इतका असतो. शोथामुळे रचना स्पष्ट दिसत नसल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया पूर्ण करणे हे अपयश नसून सावधगिरी होय. तीव्र शोथात प्रतिजैव औषधे देऊन पहिल्या काही दिवसांतच शस्त्रक्रिया करणे हितावह असते. अतिशय अशक्त रुग्णात तूर्त नळीवाटे पित्ताशयातील द्रव काढतात. मुख्य नलिकेतील खडा तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीने, नलिकेचे मुख रुंद करून काढतात. ही पद्धती १९७४ पासून वापरात आहे.

पित्ताशय काढल्यावर पित्त थेट आतड्यात उतरते. काहींना काही काळ पातळ शौचास होते. एरवी पचन चालू राहते व नेहमीचा आहार घेता येतो.

ग्रामीण भागातील प्रश्न : चिकित्सेची निवड रुग्णाच्या जीवनक्रमाशीही निगडित असते. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या आरंभी परततात. पतिपत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. तिने मुकादमाकडून घेतलेली उचल श्रमांनी फेडावयाची असते. एकाचे अंथरूण धरणे म्हणजे दोघांची मजुरी बुडणे, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण साधारणतः एकदोन आठवड्यांत हलकी कामे करू शकतो. पोट उघडल्यास चार ते सहा आठवडे लागतात. मोळी उचलण्यासारखे अवजड काम मात्र दोन्हींनंतर वैद्याच्या सल्ल्यानेच सुरू करावे. वारंवार कळ येणाऱ्या रुग्णाने गावी असतानाच तपासणी व शस्त्रक्रिया उरकून घेणे श्रेयस्कर होय. जिल्ह्यात बीड येथील जिल्हा रुग्णालयाखेरीज अंबाजोगाई येथे १९७४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. स्थलांतराच्या काळात सोनोग्राफीचा अहवाल जवळ बाळगल्यास परगावच्या वैद्यास निदान करणे सुलभ जाते. त्याचबरोबर, त्रास नसताना केवळ अहवालातील खड्याच्या भीतीने शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढण्याचेही कारण नसते.